माता आली होती, तनू

तनू, तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. घरात भेटायला येणारे 'पंधराएक दिवस झाले असतील' म्हणतात, आणि दर वेळी मला तुझी आठवण येते. तळ्यावर पाणकावळे किती बसले आहेत असं तू एकदा विचारलं होतंस. मी म्हणालो, असतील शंभरेक. तू तळ्याच्या पाळीवर अर्धा तास उभी राहून मोजलेस आणि ब्याऐंशी सांगितलेस. वर ऐकवलंस, "शंभरेक म्हंजे ज्याले मोजाचा कंटाळा आला तो." तेव्हा तू सात वर्षांची होतीस. आकड्याच्या बाबतीत मला घरात कुणी टोकलं असेल तर ते तूच.

एक गोष्ट मी एक वर्ष दहा महिने तुझ्या आईपासून आणि आजीपासून लपवून ठेवली. तुझ्यापासूनही. तुला सांगितलं असतं तर तू समजून घेतली असतीस, असे दिवस होते. मग ते दिवस गेले. आता सांगतो.

आधी पर्जन्यमापकाचं. आपलं ते भांडण अर्धंच राहिलं. पाऊस आणि तळ्याची पातळी नोंदवणं हे माझं काम. रोज सकाळी साडेआठला मी मापक उघडून काचेच्या मापात पाणी ओतायचो, तू डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचीस, मी वहीत लिहायचो. आपले दोन आकडे क्वचितच वेगळे यायचे. एका सकाळी अंगणातली माती नुसती ओली होती, मापकात चार थेंब होते. मी शून्य लिहिलं. तू चिडलीस. पाऊस झाला ना, मग शून्य काऊन? मी म्हणालो, मोजता येत नाही इतका झाला. तू म्हणालीस, मग 'झाला पण मोजता आला नाही' असं लिहा. तेवढं लिहायला रकान्यात जागा नसते, असं सांगून मी वही मिटली. तू दोन दिवस मापकाजवळ आली नाहीस. बाप म्हणून मी तेव्हा हसलो होतो. खरं म्हणजे तुझं म्हणणं मला खोडता आलं नव्हतं.

तिसरीच्या दिवाळीनंतर ते काचेचं माप तुझ्या हातून फुटलं. तू ते दोन्ही हातांनी धरलं होतंस, तरी उडालं. मी रागावलो. लक्ष कुठे असतं तुझं, असं मोठ्याने म्हणालो. त्याच महिन्यात गुरुजींनी निरोप पाठवला की पोरगी आठचा पाढा विसरली, अक्षर ओळ सोडून खाली जातं. मी तुला समोर बसवून रोज दहा वेळा पाढा लिहायला लावला. ते सगळे कागद माझ्याकडे आहेत. पहिल्या दिवशी दहापैकी आठ बरोबर, पंधराव्या दिवशी चार. तुझं लक्ष नाही असा मी त्याचा अर्थ लावला. आकडे स्पष्ट खाली उतरत होते आणि मी ते चुकीचे वाचत होतो.

मग तुझ्या मामाच्या लग्नाची पंगत. तू कढी वाढत होतीस. वाटी हातातून उडून पाहुण्याच्या पांढऱ्या पायजम्यावर पडली. तुझ्या आईने सगळ्यांसमोर तुझ्या मानेवर मागून एक चापट दिली. तू रडली नाहीस. म्हणालीस, "मी नाही सांडवली. हातानं सांडवली." पंगत हसली. मीही हसलो. कितीतरी दिवस आम्ही ते वाक्य घरात चेष्टेने म्हणत होतो. कुणाच्या हातून काही पडलं की 'हातानं सांडवली'. तू जे घडलं ते अगदी अचूक सांगितलं होतंस आणि आम्ही त्याची गंमत केली.

त्या लग्नानंतर पंधरा दिवसांत तुझी मान मधूनमधून एकदम पुढे झुकायला लागली, जशी बसल्याबसल्या डुलकी लागावी. मग चालता चालता गुडघे वाकायचे आणि तू पडायचीस. तुझ्या आईने तेव्हाच मनात गाठ बांधली की हे तिच्या चापटेने झालं. मानेची शीर दुखावली. तिने हे मला एकदाच सांगितलं, पुन्हा बोलली नाही. पण तेव्हापासून तिने तुला उजव्या हाताने कधी भरवलं नाही. तू पाहिलं असशील. मी पाहिलं.

आता डॉक्टरांचं. पाच महिन्यांत आपण तीन डॉक्टरांकडे गेलो. पहिले म्हणाले अशक्तपणा. दुसरे म्हणाले मिरगी, आणि गोळ्या दिल्या, त्यांनी झटके थोडे कमी झाले. तिसऱ्यांनी नागपूरला जा म्हणून चिठ्ठी दिली. त्या तिघांना मी दोष देत नाही. तिघांनीही एक प्रश्न विचारला होता. लहानपणी हिला गोवर झाला होता का? आणि तिन्ही वेळा मी ताबडतोब म्हणालो, नाही. लसीचे टीके? पूर्ण. मी असा माणूस की एक दिवसाचं पर्जन्यमान चुकलं तर जेवण जात नाही. माझ्या 'नाही'वर कुणी शंका घेतली नाही.

नागपूरला त्या मोठ्या दवाखान्यात तुला डोक्याला तारा लावायला आत नेलं, तुझी आई सोबत गेली, आणि मी एका डॉक्टरबाईंसमोर बसलो. त्याही तेच विचारत होत्या. मी नाही म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हिंदीत विचारलं, "आपके घर में माता आयी थी क्या, बच्ची छोटी थी तब?"

मी म्हणालो, "हो. माता आली होती. अकरा महिन्यांची होती."

तनू, मी खोटं बोललो नव्हतो. आपल्या घरात गोवर हा शब्द तुझ्यासाठी कुणी कधी वापरला नव्हता. गोवर हा रोग. रोग दवाखान्यात असतो. माता घरी येते, नऊ दिवस राहते, मान घेते आणि जाते. तिला रोग म्हटलं तर ती रागावते, म्हणून तिचं नाव घ्यायचं नाही, औषध द्यायचं नाही, घरात फोडणी घालायची नाही. मी हे सगळं लहानपणापासून पाहिलं होतं. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी दोन वेगळ्या रकान्यांत होत्या आणि चाळीस वर्षांत मी एकदाही त्या शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

पुढचं सांगतो, त्यात मी अधिक दोषी आहे. तुला नऊ महिने पूर्ण झाले त्या आठवड्यात अंगणवाडीत सुई होती. गोवराचीच. त्याच आठवड्यात खालच्या गल्लीत दोन घरी माता आली होती. आजी दोन्हीकडे जाऊन आली होती. माता आली की गावातल्या बाया आजीला बोलावतात हे तुला माहीत आहे. ती अनवाणी जायची, दाराला निंबाची डहाळी बांधायची, लेकराजवळ बसून गाणी म्हणायची. आजी मला म्हणाली, "माता गावात फिरून राहिली अन् तू लेकराले सुई टोचतं? तिले राग येईन." मी विचार केला, एक महिन्याने काय बिघडतं. पुढच्या महिन्यात तुला सर्दी होती. त्याच्या पुढच्या महिन्यात माता आली.

आजी नऊ दिवस तुझ्या खाटेपासून हलली नाही. डोळे तुझे लाल झाले होते, अंगभर पुरळ, ताप. दवाखान्यात न्यायचं मनात आलं माझ्या, पण आजीने ज्या मायेने तुला सांभाळलं ते पाहून मी गप्प राहिलो. नवव्या दिवशी पुरळ उतरलं. तिने तुला निंबाच्या पाण्याने पुसून काढलं, पाच लेकरांना दहीभात खाऊ घातला आणि देव्हाऱ्यासमोर रडली, आनंदाने. पुढे दीड वर्षाची झाल्यावर तुला दुसरी सुई दिली. ती कार्डावर आहे. नऊ महिन्यांची चौकट कोरी आहे. कार्ड घरी पेटीत होतं आणि मी तिन्ही डॉक्टरांना तोंडी 'पूर्ण' सांगत होतो.

त्यांनी तुझ्या पाठीतून पाणी काढून तपासलं. निकाल आला तेव्हा डॉक्टरबाईंनी मला समजावून सांगितलं. गोवर गेला असं आपल्याला वाटतं, पण फार थोड्या लेकरांच्या बाबतीत त्याचा विषाणू जात नाही. मेंदूत जाऊन बसतो. सहा, सात, आठ वर्षं काही करत नाही, लेकरू खेळतं, शाळेत जातं. मग एक दिवस सुरुवात करतो. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांत हे जास्त दिसतं. मी विचारलं, पाच महिने आधी कळलं असतं तर किती टक्के फरक पडला असता. त्या म्हणाल्या, टक्के सांगता येत नाहीत. मी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, हा बरा होत नाही. थोडा हळू झाला असता, कदाचित." तो 'कदाचित' मी त्या दिवसापासून वागवतो आहे.

बाहेर आल्यावर तुझ्या आईने विचारलं, काय म्हणाल्या. मी म्हणालो, मेंदूचा आजार आहे, कशाने होतो ते सांगता येत नाही. हे मात्र खोटं होतं, आणि मला ते माहीत होतं. खरं सांगितलं असतं तर तिची चापट सुटली असती, पण माझी माय त्यात अडकली असती. सत्तर वर्षांच्या बाईला मी काय सांगणार होतो, की तू जिला नऊ दिवस ओवाळलंस तिनेच तुझी नात नेली? एकीला सोडवायचं तर दुसरीला बांधावं लागणार होतं. मी कुणालाच सोडवलं नाही. आणि मध्ये मी माझं नाव कुठे घेत नव्हतो, हे लिहिताना मला दिसतं.

नंतरचं तुला किती कळलं, मला ठाऊक नाही. आधी पाढे गेले, मग नावं गेली, मग चालणं. शेवटचं पूर्ण वाक्य तू एका सोमवारी बोललीस. पलीकडच्या घरातला कोंबडा आरवला आणि तू म्हणालीस, "हा रोजच उशीर करते." त्यानंतर शब्द सुटे आले, मग आलेच नाहीत. डॉक्टरबाईंनी झटके मोजायला सांगितले होते म्हणून मी घड्याळ लावून सकाळ-संध्याकाळ मोजायचो आणि लिहायचो. मिनिटाला चार. मिनिटाला सात. एक दिवस अकरा झाले आणि मी वही घेऊन बसलो होतो, तेव्हा तुझी आई म्हणाली, "मोजून कायले राहिले जी? धरा तिले." मी वही ठेवली आणि तुला धरलं. झटका तुझ्या अंगातून माझ्या अंगात यायचा. त्या दिवसानंतर मी मोजलं नाही. डॉक्टरबाईंनी पुढच्या खेपेला आकडे मागितले तेव्हा माझ्याकडे नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा माझी वही कोरी होती आणि मला त्याची लाज वाटली नाही. त्यासाठी तुझ्या आईचे, आणि तुझेही, उपकार आहेत.

नाकातून नळी, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, भाताची पेज वस्त्रगाळ करणं. तुझी आई आणि आजी यात एकमेकींशी एक शब्द न बोलता काम वाटून घ्यायच्या. आजी तुझे पाय चोळायची आणि म्हणायची, मातेनं एवढी राखली होती, मग कुणाची नजर लागली? दर वेळी मी उठून बाहेर जायचो. तुझे डोळे उघडे असायचे पण तू पाहत नव्हतीस. तरी मी आत आल्यावर तू मान वळवायचीस असं मला वाटायचं. वाटायचं, एवढंच लिहितो. ते झटक्याने होत होतं की ओळखीने, हे मी ठरवू शकलो नाही.

गेलीस त्या दुपारी तुझं वय दहा वर्षं चार महिने होतं.

बाराव्या दिवशी पाहुणे गेले आणि तुझी आई परसात तुझी वाकळ धूत होती. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. तो हात तिने चुलीच्या तापलेल्या लोखंडी पट्टीवर ठेवला होता. चुकून म्हणाली. मला ते चुकून वाटलं नाही. मी तिथेच दगडावर बसलो आणि सगळं सांगितलं. चापटेने काहीही झालं नाही, होऊच शकत नाही, हे आधी सांगितलं. मग माता, गोवर, नऊ महिन्यांची सुई, तीन डॉक्टर, माझं 'नाही', नागपूर. मला वाटलं ती माझ्यावर तुटून पडेल. तिने वाकळ पिळली, दोरीवर टाकली आणि पाठमोरीच बोलली.

"पयल्या डाक्टरनं इचारलं ना, तवा मी तोंड उघडलंच होतं. माता आली होती, असं म्हणणार होती. तुम्ही नाही म्हणून टाकलं. मले वाटलं, हे आकड्याचे माणूस, यायले बरोबर ठाऊक असन. गोवर म्हंजे काही येगळं असन."

ती पुढे म्हणाली, "तिन्ही बारीले मी तोंड उघडलं, अन् तिन्ही बारीले मिटलं."

तनू, मी आयुष्यभर बरोबर असण्याची जी सवय लावून घेतली, तिने तुझ्या आईचं तोंड बंद केलं. तू एकटी होतीस जी माझ्या आकड्यावर वाद घालायचीस. तुझी आठवण तेव्हा पूर्वीसारखी असती तर 'बाबा, माता आली होती ना मले' असं सगळ्या डॉक्टरांसमोर ठणकावून सांगितलं असतंस. आजीने तुला ती गोष्ट कौतुकाने शंभर वेळा सांगितलेली होती. शंभरेक वेळा. मला नेमकं माहीत नाही.

नंतर बऱ्याच वेळाने तुझ्या आईने विचारलं, "चापटेनं खरंच नाही ना?" मी म्हणालो, नाही. तिने तेच परत विचारलं. मी परत सांगितलं. दोन दिवस ती अधूनमधून येऊन विचारत राहिली.

आजीला सांगायचं की नाही हे तीन दिवस आमचं ठरत नव्हतं. तुझ्या आईचं म्हणणं होतं, म्हातारी आहे, राहू द्या. मलाही तेच सोयीचं होतं. पण परवा सकाळी खालच्या गल्लीतली एक बाई दारात आली. तिच्या दहा महिन्यांच्या नातीला ताप, डोळे लाल, अंगावर पुरळ. "आजी, माता आली, चाला." आजी तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदाच उठली. म्हणजे तिला उठायला काहीतरी मिळालं. तिने निंबाची डहाळी तोडली, चपला काढून ठेवल्या आणि निघाली. मी पायरीवर उभा होतो, तिला जायला बाजूला सरकलो. तुझी आई आतून आली आणि आजीच्या आडवी उभी राहिली.

"माय, आपल्या तनूले त्याच मातेनं नेलं."

आजी माझ्याकडे वळली. "काय म्हणून राहिली ही?"

मी म्हणालो, "खरं आहे, माय. तिले गोवर म्हणते. तो डोक्यात बसून राहिला होता." त्यापुढचं मी तिला उभ्याउभ्याच सांगितलं, तिला समजेल तसं. सुई मी पुढे ढकलली, डॉक्टरांना मीच चुकीचं सांगितलं, हेही सांगितलं. तिच्या बाजूला थोडं कमी वजन पडावं म्हणून नाही. ते तसंच होतं म्हणून.

आजी ऐकून घेत होती. डहाळी तिच्या हातातच होती. दारातली बाई कधी तिच्याकडे, कधी आमच्याकडे पाहत होती. शेवटी आजी तिला म्हणाली, "नर्सबाईले बोलाव. मी नाही येत." बाई गेली. मी नर्सबाईंना फोन केला. त्या दुपारीच आल्या, त्या मुलीला औषध दिलं, आणि गल्लीतल्या कोणकोणत्या लेकरांची सुई राहिली आहे ते घरोघर जाऊन लिहून नेलं. सहा निघाली.

आजी तेव्हापासून ओसरीत बसून आहे. जेवण ताटात तसंच राहतं. आज सकाळी मी मापक पाहून आलो, तेव्हा तिने मला जवळ बोलावलं.

"मी कितीक घरी गेली असन रे, आतापर्यंत?"

मी तिच्या शेजारी बसलो. मला पाऊस विचारला असता, तळ्याची पातळी विचारली असती, तर मी सांगितलं असतं. हा आकडा माझ्याकडे नव्हता. कुणाकडेच नाही. ती कुणाच्या दारी गेली ते कुणी कधी लिहिलं नाही.

"ठाऊक नाही, माय," मी म्हणालो.

मग तिने आपला डावा पंजा मांडीवर उघडा ठेवला आणि स्वतःच मोजायला सुरुवात केली, एकेक घर आठवून, एकेक लेकराचं नाव घेऊन. पहिलं बोट दुमडताना तिने तुझं नाव घेतलं.